पाच वाजताची खरखर

अहो तांडेल,

अर्ज लिहायला बसले होते. डहाणूच्या हवामान कचेरीतल्या मॅडमनी छापील कागद दिला आहे. नाव, गाव, वस्तूचं वर्णन, सगळं भरून झालं. पुढचा रकाना म्हणतो, ‘सदर वस्तू अर्जदारास कोठून व कशी मिळाली?’ तिथं पेन अडलं ते अडलंच. दोनदा चहा झाला, अंगणातले बोंबील उलटून आले, तरी रकाना कोराच. आता तुम्हीच सांगा, हा मी कसा भरू? वस्तू आणलीत तुम्ही, लपवलीत तुम्ही, आणि जाब द्यायला मागे ठेवलंत मला!

म्हणून अर्ज बाजूला सारला आणि सुमनच्या जुन्या वहीतली पानं फाडून तुम्हालाच लिहिते आहे. तुम्ही होता तेव्हा एकही पत्र लिहिलं नाही. लिहिणार कधी? तुम्ही फार तर दोन दिवस दर्यात असायचा, आणि परत आलात की भांडायला मी दारात उभीच.

वस्तू कुठली, ते तुम्हाला कळलं असेलच. तो पिवळा दिवा.

सोमवारी मच्छीमार सोसायटीचे दोघे आले होते. म्हणाले, ‘काकी, कर्णा काढून न्यायचा हाय. वाढवण बंदराच्या मोर्चाला लागंल, मंग गोडाऊनमधी ठेवू. आता हवामान सगल्यांच्या मोबाईलवरच येतं.’ त्यांचं काही चुकलं नाही. तुम्हाला जाऊन आठ महिने झाले, आठ महिने कर्ण्यातून शब्द फुटलेला नाही. नारळाच्या झाडावर नुसता लटकतो आहे, कावळे बसतात त्याच्यावर. मी म्हटलं, ‘दोन-चार दिवसांनी या, पुसून ठेवते.’

पुसायला म्हणून माइकखालची लाकडी पेटी ओढली. बारा वर्षं त्या पेटीवर माइक होता आणि बारा वर्षं मी तिच्यावरची धूळ झटकत आले. उघडून कधी पाहिली नाही. तुम्ही म्हणायचा, आत वायरी आहेत, शॉक बसेल. मी शॉकला किती भिते, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? आत एक वायर असेल तर शपथ! तुमचा चौकड्यांचा शर्ट होता, आणि शर्टात गुंडाळलेला तो दिवा. सोबत त्याची ती उन्हावर चालणारी काळी पाटी.

बिघडला, खाडीत फेकला, असं म्हणाला होतात की हो!

आणलात तो दिवस मला अजून आठवतो. सुमन तेव्हा कॉलेजात होती. त्या दिवशी मासळी भरपूर आली होती आणि वर हा दिवा. विचारलं तर म्हणालात, ‘कुठल्या तरी बोटीवरनं पडला असंल, तरंगत होता.’ मी कशाला शंका घेऊ? दर्या काय काय आणून टाकतो आपल्या दारात. मागच्या ओट्यावर वायर पोचत नव्हती, तिथं मी तो टांगला. दिवस मावळला की आपोआप लागायचा. पण मेला एकसारखा लागेल तर ना! लुक झाला की बंद, लुक झाला की बंद. त्या उजेडात मासळी साफ करताना मी दोनदा बोट कापून घेतलं. तरी काढू दिला नाही. आळीतल्या बायका बघायला यायच्या, मला मोठेपणा वाटायचा.

हिरा तर रोज यायची. ‘आमच्या दामूला असलं काय गावत नाय गो,’ म्हणायची. तुमचा तो जिवाचा दोस्त, समोरच्याच घरातला, पण त्याला सापडायची ती फाटकी जाळी आणि रिकाम्या बाटल्या. मी तुम्हाला म्हटलंसुद्धा, ‘अजून एक मिळतो का बघा, हिराला देऊ.’ तुम्ही नुसते हसलात. परवा पेटीसमोर बसल्यावर ते हसणं आठवलं आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग थंडीच्या तोंडावरचा तो दिवस. सकाळी रेडिओनं दर्या साधारण सांगितला. आभाळ निवळ होतं. दामू एकटाच लहान होडी घेऊन गेला, दुपारपर्यंत येतो म्हणून. वारा नव्हता, पण लांबून कुठून तरी मोठ्या लाटा निघाल्या होत्या, त्या खाडीच्या तोंडावर येऊन चढल्या आणि परत येणारी होडी आडवी झाली. होडी लगेच मिळाली. दामू तिसऱ्या दिवशी मिळाला. हिराच्या बांगड्या फोडताना तिचे हात मी धरले होते.

महिन्याभरानं हवामानाचे साहेब सोसायटीच्या पडवीत आले. आपल्या समोरच्या दर्यात एक पिवळा बोया नांगरून ठेवलेला असतो, तो लाटा मोजतो, वारा मोजतो आणि वर कळवतो, असं त्यांनी समजावलं. त्या बोयाला होड्या बांधून बांधून साखळी ढिली केली, आणि कोणी तरी वरचा दिवा आणि पाटीही काढून नेली. दोन महिने बोया मुका आहे. ‘तो चालू असता तर कदाचित आदल्या दिवशी कळलं असतं,’ साहेब म्हणाले. बोयाच्या सावलीत मासळी जमते, हे तिथं होडी नेणाऱ्या प्रत्येक तांडेलाला माहीत होतं. होडी सगळ्यांनीच बांधली होती. पण दिवा कोणी काढला, हे कोणी बोलेना.

मी बायकांत मागे उभी होते. माझा आवाज तुम्हाला ठाऊक आहे. मी मोठ्यानं म्हटलं, ‘कोण मेला असंल तो, त्याचे हात झडोत!’ सगळ्या बायकांनी माना हलवल्या. तुम्ही पुढच्या ओळीत बसला होता. मागे वळून पाहिलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी ओट्यावरचा दिवा गेला. बिघडला, फेकला! मी केवढा गोंधळ घातला, न विचारता फेकलात कसा म्हणून. साहेबांनी बोयाचं मोठं चित्र पडवीच्या भिंतीला डकवलं होतं. वर पिवळा दिवा, बाजूला काळी पाटी. बारा वर्षं जाता-येता मी ते चित्र पाहिलं, तरी माझ्या डोक्यात आलं नाही. आळीतल्या कोणाच्या आलं असेल, तर माझ्या तोंडावर कोणी बोललं नाही. सोमवारी मात्र दिवा पदराखाली घेऊन गेले आणि त्या विटलेल्या चित्रासमोर उभी राहिले. मग घरी आले आणि दार लावून घेतलं.

त्या सभेनंतरच तुम्ही होडीवर जाणं सोडलंत. ज्या माणसानं जन्मभर रेडिओच्या हवामानाची टर उडवली, ‘मुंबईत बसून यांना आमचा दर्या काय कळतो’ म्हणत, तो रोज पाचला माइकसमोर बसून तेच हवामान वाचायला लागला! सोसायटीकडे तुम्हीच कर्णा मागितलात. झाडावर तुम्हीच चढलात. मला वाटलं, दामूच्या दुःखानं करतात. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं.

आणि माझी चौकट खराब केलीत ती वेगळीच! मीटर कोणाला कळतो, म्हणून तुम्ही टेप आणून दाराच्या चौकटीवर डांबरानं रेघा मारल्यात. नुकता निळा रंग दिला होता मी. अर्धा मीटर म्हणजे गुडघा. एक मीटर म्हणजे कंबर. दीड मीटर म्हणजे दाराची वरची कडी. दोन मीटर म्हणजे आख्खी चौकट. मग कर्ण्यावरून तुमचा तो बसका आवाज यायचा, ‘उद्या डहाणूच्या पुढं वारा उत्तरेचा. सकाळी दर्या कमरेपर्यंत. दुपारनंतर कडीपर्यंत चढंल. लहान होड्यांनी जाऊ नये.’ आधी लोक हसले. मग सगळं गाव तशीच भाषा बोलायला लागलं. मोबाईल आले, त्यात रंगीत नकाशे आले, तरी बाजारात अजून कोणी तरी म्हणतंच, ‘आज कडीचा दर्या हाय.’ ऐकलं की मी मासळीचा भाव विसरते.

वाचून झालं की तुम्ही बटण मात्र लगेच बंद करायचा नाहीत. कर्णा नुसता खरखरत राहायचा. पहिल्या वर्षी तर किती वेळ! लोक म्हणायचे, तांडेलाला माइकवर डुलकी लागली. मी आतून ओरडायचे, ‘अहो, बटण! लाइट फुकट जाते!’ पुढं पुढं ती खरखर कमी होत गेली. शेवटची काही वर्षं चार श्वासांची राहिली असेल. पण राहिलीच.

आता एक कबूल करते. त्या खरखरीच्या वेळी तुम्ही खिडकीतून हिराच्या घराकडे बघत असायचा, हे मी पाहिलं होतं. एकदा विचारलं, ‘कोणाकडे बघता?’ तुम्ही म्हणालात, ‘दर्याकडे.’ मी म्हटलं, ‘दर्या पश्चिमेला आहे, हिराचं घर उत्तरेला. तांडेलाला दिशा कळेनाशा झाल्या काय?’ तुम्ही लसणाची टोपली माझ्याकडे सरकवलीत. मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही. केस पांढरे झाल्यावर मी नवऱ्यावर संशय घेतला, आणि तोही चुकीचाच घेतला. चोर समजायला हवा होता, समजले भलतंच!

दवाखान्यातही तुम्ही तेच केलंत. नाकाला नळी, बोलायला दम नाही, आणि विचारता काय, ‘पाच वाजले का?’ मला वाटलं गोळीची वेळ विचारता. हिरा भेटायला आली होती. तुम्ही मोबाईल मागून घेतला, हात इतका थरथरत होता की तो मीच धरला, आणि तुम्ही पुटपुटलात, ‘वारा वायव्येचा. दर्या गुडघ्यापर्यंत.’ हिरा पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिनं हात वर केला आणि निघून गेली. मला वाटलं, येते म्हणाली. दुसऱ्या सकाळी तुम्ही गेलात.

तुम्ही गेल्यावर सुमन मला तलासरीला घेऊन गेली. जावई चांगला आहे, गुजरातच्या हद्दीवरच्या अच्छाडच्या दुकानातून येताना माझ्यासाठी गरम फाफडा आणायचा. सासरची माणसं घरात गुजराती बोलतात, मी बसले की माझ्यासाठी मुद्दाम मराठीत येतात. पण संध्याकाळ झाली की माझे कान टवकारायचे. तिथं ट्रक ऐकू येतात हो, रात्रंदिवस ट्रक. पाच कधी वाजतात कळत नाही. चार दिवसांत परत आले. सुमन रागावली. म्हणाली, ‘तिथं आहे कोण तुला?’

इथं तरी कोण आहे? एक कप चहा करायची सवय अजून हाताला नाही, दोन कपांचं पाणी ठेवते आणि उरलेला चहा संध्याकाळी गरम करून पिते. भांडायला कोणी नाही, त्यामुळे घसा बसल्यासारखा झाला आहे. पाच वाजता तर फारच वाईट होतं. हातातलं काम थांबतं, मी खिडकीकडे बघते, माइकवर फडकं टाकलेलं असतं. आख्ख्या गावाला आवाज देणारं घर होतं आपलं. आता शेजारच्याला माझा खोकलाही ऐकू जात नाही.

एक हिरा आहे. ‘जेवलीस का गो मंजू?’ असं विचारणारी आता तेवढी एकच. बोंबील टांगायला आम्ही दोघी बांबूच्या एकाच ओळीत उभ्या असतो. ती जास्त बोलत नाही, मला तेवढंही पुरतं. आणि नेमकं तिलाच मी काय तोंडानं सांगू, की तुझा दामू बुडाला तेव्हा बोयाचा दिवा माझ्या ओट्यावर लुकलुकत होता, आणि तुझ्यासाठी अजून एक आणा असं मीच म्हटलं होतं? ती उठून गेली तर मला कोण राहील? सोमवारी दिवसभर मी हाच विचार केला. दिवा खाडीत टाकला असता तर सगळं मिटत होतं. तुम्ही का नाही टाकलात? मलाही टाकवला नाही.

मंगळवारी तो मासळीच्या टोपलीत घातला, वर फडकं झाकलं आणि डहाणूला गेले. रिक्षात प्रत्येक जण विचारतोय, ‘काकी, बोंबील कसे दिले?’ मी म्हणतेय, ‘विकायचे नाहीत, घरचे आहेत.’ कचेरीत सुमनपेक्षाही लहान एक मॅडम होत्या. दिवा टेबलावर ठेवला तर त्यांनी आधी नाकाला रुमाल लावला, मग चष्मा वर केला. ‘आजी, हे तर बोयाचं आहे! कधीचं हे? आता मॉडेलसुद्धा बदललं.’

मी विचारलं, ‘हा तिथं असता तर माणूस वाचला असता का?’

बिचारीनं उडवून लावलं नाही. खुर्ची पुढं ओढली, दामूची सगळी गोष्ट ऐकून घेतली. मग म्हणाली, ‘आजी, अंदाज एका बोयावर नसतो. वरून सॅटेलाइट असतं, कॉम्प्युटर असतो, दुसरे बोये असतात. हा चालू असता तर लाटा येताहेत हे कळायला मदत झाली असती. पण खाडीच्या तोंडावर लाट कशी चढेल, ते आजही आम्हाला नेमकं सांगता येत नाही. कळलंही असतं, नसतंही.’

कळलंही असतं, नसतंही! अहो, एवढंच विचारायला तुम्ही बारा वर्षांत एकदा डहाणूला गेला असतात तर? पण तुम्ही कसले जाता. स्वतःला शिक्षा द्यायची तर कोर्टही तुमचंच आणि जेलही तुमचाच.

दिवा त्यांनी ठेवून घेतला नाही. अर्ज लागतो म्हणाल्या, आणि अर्जाची एक प्रत सोसायटीला जाते. म्हणजे खरं लिहिलं तर गावाला कळणार. तांडेल म्हणून तुमचं नाव आहे गावात. बायका अजून तुमच्या आठवणीनं डोळे पुसतात. उद्या त्याच बायका काय म्हणतील? मी म्हटलं तेच म्हणतील.

परत आले ती घरी न जाता सरळ हिराकडे गेले. म्हटलं, गावाच्या आधी तिला कळू दे, आणि माझ्या तोंडून कळू दे. ती ओट्यावर बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून जोड्या लावत बसली होती. मी तिच्यासमोर बसले, टोपलीवरचं फडकं काढलं.

हिरानं दिव्याकडे बघितलं. हातातलं काम थांबवलं नाही.

‘ठेवला होता तर,’ ती म्हणाली. ‘मला वाटलं फेकला.’

‘तुला माहीत होतं?’

‘साहेब येऊन गेले ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी तांडेल आले होते. तू बसलीस तिथंच बसले. लय रडले. पाया पडायला वाकले, मी पाय मागं घेतले.’

‘मग?’

‘मंग काय? म्हटलं, तुम्ही रडून माझा दामू येनार नाय. सकालच्या रेडिओत कायच नव्हतं ना? मंग आता तुम्ही सांगा. रोज सांगा. मला हितं बसून ऐकू आलं पायजे. मला पटलं की मी हात वर करीन, तवर बंद करू नका.’

तांडेल, ती खरखर! आख्खं गाव ज्याला डुलकी समजलं, मी ज्याला भलतंच समजले, ती खरखर!

‘पयलं वरीस मी हात वर केलाच नाय,’ हिरा सांगत होती. ‘मुद्दाम. बसायची त्यांच्याकडं बघत. ते बटण दाबून बसलेले. शेवटी मीच उठून आत जायची, मंग बंद करायचे. एक दिवस म्हणाले, लहान होड्यांनी जाऊ नये. कोन गेलं नाय. दुसऱ्या दिवशी दर्या चौकटीपर्यंत आला. सगल्यांच्या होड्या काठाला, सगल्यांची मानसं घरात. त्या सांजेला मी हात वर केला.’

‘म्हणजे माफ केलंस?’

‘नाय.’ तिनं जोडी बाजूला ठेवली, दुसरी घेतली. ‘रोज ऐकलं.’

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? इतकी वर्षं एका बांबूला उभ्या राहतो आपण! तर म्हणाली, ‘त्यांनीच नको म्हटलं. म्हणाले, मंजुळेनं शाप दिलाय, आनि तुझ्यासाठी दुसरा आन म्हनून तीच बोलली होती. तिला कलंल तर सोताला खाईल.’

सांभाळलंत म्हणे मला! कोणी सांगितलं होतं सांभाळायला? तुमच्यापाशी पाप होतं, हिरापाशी दुःख होतं, आणि रोज पाच वाजता दोघांना मिळून ती खरखर तरी होती. मला काय होतं? मी आत बसून लाइट फुकट जाते म्हणून ओरडत होते. एका घरात, एका चुलीशी, बारा वर्षं तुम्ही एकटे होता, आणि हातभर अंतरावर बसून मला ते दिसलं नाही. तुम्ही सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? आकाशपाताळ एक केलं असतं. चार दिवस अन्न शिजवलं नसतं. आणि पाचव्या दिवशी तुमच्या शेजारी माइकसमोर येऊन बसले असते. एवढी तरी ओळख नव्हती का हो तुम्हाला माझी?

शेवटी शेवटी तुमचे हात थरथरायचे. चहाचा कप मी धरायचे तेव्हा तुम्ही प्यायचा. डॉक्टर म्हणाले, वय झालं. मीही तेच म्हणत होते. आता मात्र मला माझाच आवाज ऐकू येतो, पडवीतला, बायकांत उभी राहून दिलेला. तो शाप होता हो, पण तुम्हाला नव्हता. मला माहीतच नव्हतं, कोणाला देते आहे.

निघताना मी हिराला अर्जाचं विचारलं. म्हटलं, खरं लिहू का? ती म्हणाली, ‘लिही. नव्या बोयाला अजून होड्या बांधतातच सगले. मी सांगून कोन ऐकतं? तांडेलाचं नाव आलं तर ऐकतील.’ ‘उद्या येशील ना बोंबील टांगायला?’ मी विचारलं. आज सकाळी ती बांबूपाशी आली नाही. तिच्या वाटचे बोंबील मीच टांगले.

तर आता ऐका. मी ठरवलं आहे. अर्जात लिहिणार आहे, ‘सदर दिवा माझ्या नवऱ्याने बोयावरून काढून आणला व मी तो माझ्या ओट्यावर टांगला.’ दोघांची नावं लिहिणार आहे. तुमचं एकट्याचं लिहिणार नाही. बारा वर्षं एकट्यानं मिरवलंत तेवढं बस झालं.

आणि कर्णा कायमचा देणार नाही. मोर्चाला नेऊ देत, पण परत आणून झाडावर बांधायचा, असं सोसायटीला सांगणार आहे. मोबाईलवर हवामान बघायला सुमननं मला कधीच शिकवलं आहे, मीच कंटाळा करत होते. वारा कुठला ते मला कळतं. मीटर कळत नाही, पण चौकट घरातच आहे. रेघा पुसू दिल्या नाहीत हे बरं केलंत.

आज पाचला मी बसते माइकसमोर. आधी उद्याचा दर्या सांगेन. सकाळी कंबर, दुपारी कंबर, वारा ईशान्येचा, आत्ताच बघून ठेवलं आहे. मग हा अर्ज वाचून दाखवेन, सगळा, रकान्यासकट. बोयाला होड्या बांधू नका म्हणेन. आणि तांडेल, तुम्हाला शब्द देते, पडवीत जो शाप मी मोठ्यानं दिला होता, तो तितक्याच मोठ्यानं परत घेईन. आपला आवाज कुठवर जातो, ते एकदा मलाही बघू दे.

त्यानंतर बटण बंद करणार नाही. खिडकीतून उत्तरेला बघत बसेन. माझ्यासाठी हिरा हात वर करेल का, मला माहीत नाही. आज करेल, वर्षानं करेल, किंवा करणारही नाही. तुम्ही थांबला होता ना? मीही थांबेन.

पाच वाजायला आले. तिथवर काही ऐकू येत असेल तर कान द्या. वाचून झाल्यावर खरखर ऐकू आली, तर डुलकी लागली समजू नका.

तुमचीच,
उगाच सांभाळलेली मंजुळा